फाटकाजवळची पहिली खुंटी

१

ज्या सकाळी शेत सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले, त्याच दुपारी त्या शेतात सुरुंग फुटला आणि एक माणूस मेला.

सकाळचा कार्यक्रम दृष्ट लागण्यासारखा झाला होता. सुरुंगसफाईला मदत देणाऱ्या परदेशी सरकारचे मोठे साहेब आले होते. रस्त्याकडेच्या दगडी बांधाबाहेर मंडप होता, फीत होती, कात्री होती. ‘ही जमीन आज तिच्या माणसांना परत मिळाली,’ असे साहेब म्हणाले, टाळ्या घेतल्या आणि बुटाला माती लागू न देता परत गेले. त्यांच्या गाडीची धूळ खाली बसते न बसते तोच बांधाच्या पडक्या जागेतून एक ट्रॅक्टर शेतात शिरला. चालवणारा कोवळा होता, नुकती मिशी फुटलेला. त्याने नांगराची पहिली सरी ओढली. मग लांबच्या कोपऱ्यात, गंजून बंद पडलेल्या जुन्या फाटकापाशी, सफाईवाल्यांच्या काही खुंट्या उभ्या दिसल्या. नांगरात अडकतील म्हणून त्या उपटायला तो खाली उतरला. पहिल्या खुंटीजवळच त्याचा पाय सुरुंगावर पडला.

तो ओरडत पडला होता आणि बांधावर सगळी सफाईची तुकडी उभी होती. याच मातीत महिनेच्या महिने गुडघ्यांवर सरकलेली माणसे. पण एकानेही पाऊल टाकले नाही. भित्री नव्हती ती. नियमच तसा होता. जिथे एक निघाला तिथे दुसरा असू शकतो; आधी डिटेक्टर, मग पाय.

फक्त एक बाई सरळ धावत आत गेली. तुकडीचा स्वयंपाक करणारी मावशी. सगळे तिला मावशी म्हणत, पण ती खरी मावशी त्या पोराची होती. तिच्या धाकट्या बहिणीचा तो मुलगा. लढाईच्या वर्षी मावशीचा नवराही याच शेतात गेला होता. तेव्हाही माणसे अशीच बांधावर उभी राहिली होती.

माती तपासत तपासत माणसे कोपऱ्यापर्यंत पोचली, तोवर पोराचा आवाज थांबला होता. त्याचे डोके मांडीवर घेऊन मावशी बसली होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

संध्याकाळी फौजदाराने तुकडीच्या मुकादमाला धरून नेले. शेत साफ झाल्याचा शब्द त्याने दिला होता.

२

मदत देणाऱ्या सरकारने चौकशीला एक बाई पाठवल्या. आधी बरीच वर्षे त्या रेल्वेच्या अपघातांची चौकशी करत. गाडी रुळावरून का घसरली, हे विचारण्याआधी चहा कुणी किती वाजता प्यायला, हे विचारायची त्यांची खोड होती. गावात शिरल्याबरोबर त्या सगळ्यांच्या ‘मॅडम’ झाल्या.

निघताना खात्याच्या उपसचिवांनी बजावले होते, “लांबण लावू नका. एका शब्दात उत्तर आणा. सुरुंग राहिला, की ठेवला?”

राहिला असेल, तर काम निकृष्ट ठरणार. मदत बंद होणार, पलीकडच्या खोऱ्यातली गावे तशीच सुरुंगांत राहणार आणि मुकादम निष्काळजीपणाने माणूस मारल्याबद्दल तुरुंगात जाणार. ठेवला असेल, तर काम पुढे चालू.

चौकीत फौजदाराने खुर्ची पुढे केली. “बसा मॅडम. आरोपी तुमचाच. पगार तुमचं सरकार देतं, खडी आम्ही फोडायला लावू.”

मुकादम बाकावर बसला होता. विजारीच्या गुडघ्यांवर कातड्याची ठिगळे. शेजारी जेवणाचा डबा, न उघडलेला.

“जेवत नाही?” मॅडमनी विचारले.

“घशाखाली उतरत नाही. मावशीचा डबा आहे. सकाळ-संध्याकाळ धाडते. गाव म्हणतं, माझ्यामुळे तिचा भाचा गेला. आणि ती मलाच जेवू घालते. काय बोलणार?”

“त्या कोपऱ्यात काम कुणी केलं होतं?”

“मीच. फाटकाची पट्टी शेवटची. पुराचा गाळ चढलाय या शेतावर, म्हणून सुरुंग खोल आहेत इथले. घाई करून चालत नाही. वीतवीत तपासली मी ती जागा. काही नव्हतं तिथं.”

“मग सुरुंग आला कुठून?” फौजदार मागून म्हणाला. “पाय फुटले त्याला?”

“सुरुंगाला पाय फुटत नाहीत साहेब. सुरुंगानं पाय फुटतात.”

फौजदार हसला नाही. मॅडमही हसल्या नाहीत. “तुमच्यानंतर दुसरी तपासणी नाही होत?”

मुकादमाने मान वर केली. “व्हायची. शेत सोपवायच्या आधी सुरुंगाचा वास काढणारी कुत्री फिरवायचो. तिनं कुठं बैठक मारली, म्हणजे काहीतरी राहिलं. मग अख्खं शेत परत. डिटेक्टरवर भरवसा नाही. सगळी माती वीतभर खोल हातानं उकरायची, चाळायची. नको वाटतं ते काम. पण यंदा तुमच्याकडूनच हुकूम आला, कुत्रीची फेरी बंद. डिटेक्टर पुरे. सकाळच्या हजेरीला मी तो वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. चहाही कडू झाला, पण तो मी केला होता म्हणून. मावशी त्या आठवड्यात शहरात गेली होती, जमिनीच्या कचेरीत.”

“गावाला सांगितलंत, फेरी बंद झाली म्हणून?”

“कशाला? लोक घाबरले असते. वरूनच सांगणं होतं, गवगवा नको.”

हुकूम आपल्याच खात्यातून निघाल्याचे मॅडमना ठाऊक होते. त्यांनी फौजदाराकडे सुरुंगाचे तुकडे मागितले. त्याने मेजाच्या खणातून एक पिशवी काढून उपडी केली. प्लॅस्टिकच्या कवचाचे वेडेवाकडे तुकडे मेजावर पसरले.

मॅडमनी दोन तुकडे उचलले, उलटेसुलटे केले आणि खिडकीशी नेले.

“मुकादम,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “या शेतात काढलेले सुरुंग कसे दिसायचे? रंगाला?”

३

छावणीच्या कोठारात रिकामी केलेली कवचे शिकवणीसाठी ठेवली होती. सगळी त्याच शेतातली. मॅडमनी ती अंगणात मांडायला सांगितली. सगळी गडद हिरवी, वर-खाली एकसारखी. खाचांत गाळ घट्ट बसलेला.

हातातला तुकडा मात्र दुरंगी होता. एक बाजू तशीच हिरवी, दुसरी राखेसारखी फिकी. रेल्वेच्या डब्यात खिडकीकडच्या गाद्या अशाच विटतात. ऊन ज्या अंगावर पडते तेच अंग विटते. हा सुरुंग वर्षानुवर्षे उघड्यावर पडून होता, एकाच कुशीवर. शेतात तसा असता, तर आंधळ्यालाही दिसला असता.

“असे उघडे सुरुंग जवळपास कुठं आहेत?”

“वरच्या घळीत,” एक सफाईवाला म्हणाला. “पावसानं माती वाहून गेली, उघडे पडलेत. सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून तर तिकडं गुरंही कुणी नेत नाही.”

म्हणजे सुरुंग राहिला नव्हता. कुणीतरी घळीतून आणून ठेवला होता.

मॅडमनी उपसचिवांना फोन लावला. ते इतके खूश झाले, की त्यांच्या आवाजातली खरखर गेली. “उत्तम! ठेवला. संपलं. परत या.”

“मुकादम अजून चौकीत आहे.”

“तो स्थानिक प्रश्न आहे.”

फौजदाराला मात्र वेगळेच सुचले. त्याने दुरंगी तुकडा हातात तोलला आणि सावकाश म्हणाला, “म्हणजे निष्काळजीपणा नाही. बरोबर? जाणूनबुजून. सुरुंग हाताळता येतो कुणाला? मुकादमाला. पट्टी संपल्यावर तिथं शेवटचा कोण होता? मुकादम. काम संपलं, की नोकरी संपली कुणाची? मुकादमाची. मॅडम, तुमचे उपकार झाले. मी चार वर्षांची केस करत होतो. तुम्ही जन्मठेपेची आणून दिलीत.”

४

अर्धे सत्य घेऊन परत जाणे मॅडमना जमले नाही. अर्ध्या सत्याने तो माणूस पुरता बुडणार होता.

त्यांनी आधी कुत्रेवाल्याला गाठले. पलीकडच्या खोऱ्यातून त्याला बोलावून घेतले होते. तो छावणीच्या कडेला, पिंजऱ्याशेजारी उकिडवा बसून कुत्रीच्या पंजांतले काटे काढत होता. रागाने तो नुसता धुमसत होता.

“या. माझ्यावर संशय आहे ना? असणारच. कुत्रीची फेरी तुम्ही बंद केली, माझ्या पोटावर पाय आणला. मग मी सुरुंग ठेवला, म्हणजे लोक म्हणतील, बघा, कुत्री असती तर! बरोबर जुळतंय. मीच तुमच्या जागी असतो, तर मलाच धरला असता.”

“तुम्ही ठेवलात?”

“नाही.” त्याने काटा काढून फुंकून टाकला. “फेरी बंदचा हुकूम वाचला, त्याच दिवशी मला तिकडं पाठवलं. फाटकाची पट्टी तेव्हा व्हायची होती. मी परत आलो तो पोराच्या मातीला. तिकडच्या तुकडीला विचारा. रोज माझं तोंड बघून कंटाळलीय ती.”

मॅडमनी ते विचारून ठेवलेच होते, खरे होते.

“फेरी व्हायची, तेव्हा कुत्रीला कुठून सोडायचात?”

“या शेतात? फाटकाच्या कोपऱ्यातून. सकाळी वारा डोंगराकडून येतो. कुत्रीला वास वाऱ्यासमोरून घ्यावा लागतो, म्हणून खालून वर. फाटकाच्या फटीतून अंग चोरून आत जायचं, पहिल्या खुंटीपाशी तिला बसवायचं, दोन थापा द्यायच्या आणि सोडायचं. सफाईच्या वेळी अधूनमधूनही तिथूनच फिरवायचो.”

“म्हणजे पहिल्या खुंटीपाशी काही असतं तर?”

“तर पहिल्या श्वासाला सापडलं असतं. लहान पोराला शोधायला सोपं जावं म्हणून आपण खाऊ दाराशीच लपवतो ना, तसं.”

बोलून झाले आणि तो स्वतःच थबकला. कुत्रीने पंजा सोडवून घेतला.

“मॅडम,” तो हळू म्हणाला, “ज्याला माणूस मारायचाय, तो तिथं कशाला ठेवेल? त्या फाटकानं कुणी जात नाही. ट्रॅक्टर पलीकडून आला. तिथं जायचं असतं ते फक्त कुत्रीला.”

५

म्हणजे सुरुंग मारण्यासाठी नव्हता. सापडण्यासाठी होता.

मॅडम विचार करत छावणीच्या जेवणाच्या तंबूत आल्या. कुत्रीने सुरुंग शोधावा, असे ज्याला वाटत होते, त्याला कुत्री कुठून सुटते ते माहीत होते. म्हणजे छावणीत वावरणारा माणूस. पण कुत्री यंदा येणारच नाही, हे त्याला माहीत नव्हते. मुकादमाने हुकूम स्वतः वाचला होता. तुकडीने तो ऐकला होता. कुत्रेवाला त्या हुकमानेच गेला होता. ज्यांना पद्धत ठाऊक होती, त्या सगळ्यांना हुकूमही ठाऊक होता. एक सोडून.

पण नुसते ‘माहीत नव्हते’ म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. मॅडम जमिनीच्या दलालाची वाट बघत बसल्या. शेत आता त्याचे होते. मावशीच्या सासरचे ते शेत तिच्या दिराने त्याला परस्पर विकले होते. सुरुंग होते तोवर त्या विक्रीला किंमत नव्हती आणि भांडणालाही.

दलाल आला तो तक्रारी घेऊनच. “मॅडम, माझं काय? शेत साफ म्हणून हातात दिलं आणि आता तिथं पोलिसांची दोरी. ट्रॅक्टर आत अडकलाय. पेरणीचे दिवस चाललेत.”

“पोरगा मेला.”

“वाईट झालं हो. मी त्याला रोजावर बोलावला होता. मावशीचा भाचा आहे, हे मला काय ठाऊक? शहरातून आलेला. तिलाही ठाऊक नव्हतं, तो येणार म्हणून.”

“नांगरणीची इतकी घाई का केलीत? त्याच दिवशी?”

“घाई कसली? माझी जमीन, माझा नांगर. उलट ती मावशीच मागे लागली होती. हात जोडून म्हणाली, एक महिना नांगर घालू नका. कचेरीतही अर्ज-विनंत्या करून आली. कचेरीवाल्यांनी वाटेला लावली. मी म्हटलं, बाई, एक महिन्यानं पेरलं, तर उगवेल काय, तुझं रडगाणं?”

“महिना कशासाठी हवा होता तिला?”

“विचारलं नाही. बायकांच्या मनात शिरायला डिटेक्टर लागतो.” स्वतःच्या विनोदावर तो खुदकन हसला, पण मॅडम त्याच्या सदऱ्याकडे बघत होत्या. पांढऱ्या सदऱ्यावर पोटापाशी तपकिरी डाग होता.

“हा कसला?”

“तो? अहो, त्याच दिवसाचा. कितीदा धुतला, जात नाही. पाहुणे गेले, मी इथंच बसलो होतो. मावशी चहा घेऊन आली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती म्हणाली, हे काय, कुत्री आली नाही अजून? मी म्हटलं, कुत्री कसली? झालं! ट्रे माझ्या अंगावर आणि बाई बाहेर. भाजलं हो मला. शिव्या घालत सदरा पुसतोय, डाग निघत नाही म्हणून पाणी मागवतोय, आणि तेवढ्यात तो आवाज झाला.”

“कुठला आवाज?”

“स्फोटाचा. दुसरा कुठला?”

“आधी चहा सांडला. मग स्फोट झाला.”

“हो, तेच तर...” दलालाचे तोंड उघडेच राहिले.

६

स्वयंपाकाचा तंबू दुपारी रिकामा असे. मावशी चुलीपाशी राख काढत बसली होती. मॅडम आत आल्या, तेव्हा तिने पाट सरकवला.

“बसा. चहा टाकू?”

“नको मावशी. तुम्ही बसा.”

मावशी बसली. हात राखेने भरलेले तसेच मांडीवर.

“सगळे म्हणतात, स्फोट ऐकून तुम्ही धावलात,” मॅडम म्हणाल्या. “आंधळी माया. पण तुम्ही स्फोटाच्या आधीच धावत होतात. ट्रॅक्टरच्या आवाजाला. फाटकाच्या कोपऱ्यात काय आहे ते ठाऊक होतं म्हणून. आणि स्फोटानंतर अख्खी तुकडी बांधावर थांबली, तुम्ही थांबला नाहीत. दुसरा सुरुंग तिथं नाही, हेही तुम्हालाच ठाऊक होतं.”

मावशीने राखेचे हात एकमेकांवर चोळले.

“तुम्हाला कुणाला मारायचं नव्हतं. कुत्रीला तो सापडायला हवा होता. म्हणून पहिल्या खुंटीपाशी ठेवलात. सापडला, की शेत सोपवणं थांबणार. नियमाप्रमाणे सगळं शेत पुन्हा. हातानं, माती चाळत. एवढं मला कळलं. का, ते कळलं नाही.”

“तुम्ही घळीत गेलात का?” मावशीने विचारले.

“नाही.”

“मी गेले. पहाटे. पिठाच्या डब्यात घालून आणला, पिठात रोवून. हलू नये म्हणून. वाटेत म्हटलं, फुटला तर फुटला, त्यांच्याकडेच जाईन.” ती थांबली. “माझे मालक त्या शेतात आहेत, मॅडम.”

“म्हणजे?”

“म्हणजे आहेत. लढाई पेटली तेव्हा गाय सोडवायला गेले. सुरुंग लागला. हाका मारत होते. मी बांधावर. दोघांनी मला धरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत हाका येत होत्या. बाहेर कोण काढणार? मग पूर आला, वर गाळ चढला. इतकी वर्षं मी भाकऱ्या थापल्या या तुकडीच्या, कशासाठी? शेत साफ होईल, मग आत जाईन, गोळा करीन, अग्नी देईन. मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, मावशी, आमचा डिटेक्टर लोखंडाला बोलतो. हाडाला नाही.”

“आणि खोदाई...”

“हातानं उकरलं असतं तर सापडले असते. चाळणीत आले असते. यांनी यांचं केलं, दलालानं त्याचं, मला तेवढा एक महिना कुणी दिला नाही. म्हटलं, आपणच घेऊ.” तिचा आवाज चढला नाही. “कुत्रेवाला पलीकडच्या खोऱ्यात कामाला गेलाय, सोपवायच्या दिवशी येईल, असंच मी धरून चालले. सकाळपासून वाट बघत होते. आता येईल कुत्री, पाहुणे गेल्यावर येईल. कुणी मला सांगितलं नाही, की ती यायचीच बंद झाली. एवढी मोठी फीत कापली. कुत्री येणार नाही, एवढं सांगायला तोंड नव्हतं कुणाला?”

मॅडमकडे याचे उत्तर होते. ते त्यांच्याच खात्यात टंकले गेले होते.

“मुकादम आत आहे, मावशी. त्याच्यावर खुनाचं येतंय. तुम्ही त्याला डबा धाडता.”

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

आता पहिल्यांदाच मावशीने सरळ डोळ्यांत बघितले. “पोरगा गेला. बहिणीला तोंड दाखवायला जागा नाही. म्हटलं, आता निदान शेत तरी उकरतील. सुरुंग राहिला असं ठरलं, की उकरायलाच लागेल ना? मुकादम सुटेल चार वर्षांनी. तोवर त्याच्या पोरांना मी जेवू घालीन. एवढा हिशेब केला होता मी. चांडाळणीसारखा. पण केला होता.”

बाहेर कुणीतरी सफाईवाला हंडा घेऊन आला, आत मॅडमना बघून परत फिरला.

“तुम्ही चौकीत काय सांगणार?” मावशीने विचारले.

मॅडमना तेच ठरवायचे होते. त्यांच्याजवळ एक डाग होता, एक दुरंगी तुकडा होता, एका बंद फेरीचा हुकूम होता. एवढ्यावर फौजदार ऐकेल की नाही, सांगता येत नव्हते. गप्प राहिल्या तर मुकादम जाणार. बोलल्या तर ही.

निर्णय मावशीनेच घेतला. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि चुलीतली लाकडे मागे ओढली.

“चला,” ती म्हणाली. “चार वर्षं निराळी आणि जन्मठेप निराळी. त्याचा धाकटा अजून नीट चालत नाही.”

७

मुकादम सुटला. चौकीच्या दारात दोघे समोरासमोर आले. तो बाहेर, ती आत.

“मावशी, मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला. “मी हातानं उकरलं असतं.”

“कधी? तुला रोजचं अंतर दिलेलं. तेवढं उरकता उरकता तुला दिवस पुरत नव्हता.”

मुकादमाने तिच्या पायांना हात लावला. तिने पाय मागे घेतले.

मॅडमनी चौकीबाहेरूनच उपसचिवांना फोन केला. सगळे सांगितले, फेरी बंदच्या हुकमासकट. मग म्हणाल्या, “एक विनंती आहे. शेताची हातानं खोदाई करावी.”

“कशासाठी?” उपसचिव खरोखर गोंधळले. “खोदाई कधी करतात? सुरुंग राहून गेला असेल तर. राहिला नव्हता, हे तुम्हीच सिद्ध केलंत. फार चोख काम केलंत. शेत साफ आहे.”

“तिथं एका माणसाचे अवशेष आहेत.”

“वाईट वाटतं. पण आपली मदत स्फोटकांपुरती आहे. आणि तो हुकुमाचा भाग... तो तुमच्या चौकशीच्या कक्षेत येतो का? नाही ना? मग तो गाळू.”

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोरी काढली. मॅडम गाडीत सामान टाकत होत्या, तेव्हा दलाल धावत आला. दुसरा ट्रॅक्टरवाला आणला होता, पण तो शेतात शिरायला तयार नव्हता. सरकारच्या कागदावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. कागद तर मागच्या खेपेलाही होता. तो बांधाशी ट्रॅक्टरवर बसून होता, इंजिन बंद, हाताची घडी.

“मॅडम, तुम्हीच छडा लावलात ना?” तो वरूनच म्हणाला. “मग एवढं करा. तुम्ही आधी आतून चालून दाखवा. या टोकापासून त्या फाटकापर्यंत. मी मागून येतो.”

दलालाने हात जोडले. तुकडीतली माणसे जमली होती. मुकादमही एका बाजूला उभा होता. मॅडमना नाही म्हणता आले असते. पण मग शेत साफ नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. सुरुंग राहिला होता आणि मुकादम खोटा होता, असा झाला असता. दोन दिवस खपून त्यांनी जे सिद्ध केले, ते आता पायांनी सिद्ध करायचे होते.

त्या पडक्या बांधावरून आत उतरल्या. माती मऊ होती, पुराची. पायाखाली दबत होती. त्यांना सुरुंगाची भीती वाटत नव्हती. तिथे सुरुंग नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. तरी त्या मान खाली घालून, एकेक पाऊल बघत चालल्या. काही पांढरे दिसते का, ढेकळाच्या कडेला, दगडाच्या आड. मध्येच त्या वाकल्या. बोटांनी माती बाजूला केली. मुळी होती. सोललेली, पांढरी मुळी.

मागे इंजिन सुरू झाले.

त्या आणखी हळू चालू लागल्या. नांगर मातीत उतरल्याचा आवाज आला, माती उलटू लागली, आणि ट्रॅक्टर त्यांच्या पाठीशी येऊन गुरगुरत थांबला.

“मॅडम, जरा भरभर!” ट्रॅक्टरवाला ओरडला. “की आहे काही?”

त्यांनी मागे वळून बघितले. त्यांच्यामागे तास पडला होता, ओला, काळा, सरळ. आणि त्यात त्यांची पावले उरली नव्हती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काही नाही. ये.”